सर्व पापे सारखीच? : एका प्रचलित वाक्याची चिकित्सा

‘देवाच्या दृष्टीने सर्व पापे सारखीच’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांमध्ये आता इतके रुळले आहे की, ते पवित्र शास्त्रातील वचनच असावे अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. उपदेशपीठावरून, घरगुती प्रार्थनासभांतून, रेल्वे स्थानकाबाहेर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांतून ते एकाच आत्मविश्वासाने उच्चारले जाते. ऐकणाराही मान डोलावतो. वस्तुतः या शब्दांत हे विधान शास्त्रात कोठेही आलेले नाही. ते एक अनुमान आहे. आणि अनुमान कितीही भाविक असले तरी ते कशावर उभे आहे हे तपासून पाहणे, हे ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकाचे नित्याचेच काम आहे. प्रस्तुत लेखकाला हे काम तातडीचे वाटते, त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम या वाक्याला त्याचा न्याय देऊ. त्याच्या पाठीशी साधारणतः तीन शास्त्राधार दिले जातात. संपूर्ण नियमशास्त्र पाळून एका बाबतीत जो चुकतो तो सर्वांविषयी दोषी ठरतो, असे याकोब म्हणतो (२:१०). डोंगरावरील प्रवचनात प्रभू खुनाच्या आज्ञेखाली रागाला आणि व्यभिचाराच्या आज्ञेखाली वासनेच्या दृष्टीला आणतो (मत्तय ५:२१-२८). आणि पौल यहूदी व हेल्लेणी दोघांनाही एकाच रांगेत उभे करून सर्वांनी पाप केले आहे असा निर्णय देतो (रोम ३:२३). या तिन्हींवर एक तात्त्विक कळस चढवला जातो तो कँटरबरीच्या अन्सेल्मच्या नावाने. १०९८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे मांडले की, अनंत देवाच्या इच्छेविरुद्ध टाकलेला एक कटाक्षसुद्धा साऱ्या सृष्टीपेक्षा वजनदार ठरतो. मग, लोक विचारतात, अनंताला लहान आणि मोठे असे माप कोठून असणार?

रोमकरांस पत्रातला आधार आधी घेऊ, कारण तो सर्वांत वारंवार दिला जातो व सर्वांत कमी तपासला जातो. गावातील प्रत्येक घर कर्जात आहे, म्हणून प्रत्येक घराचे कर्ज एकाच रकमेचे ठरत नाही. ‘सर्व पापी आहेत’ हे विधान माणसांविषयी आहे. ‘सर्व पापे सारखी आहेत’ हे विधान कृत्यांविषयी आहे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. आणि या बाबतीत आपल्याला केवळ तर्कावर विसंबण्याचे कारण नाही, कारण प्रभूने नेमका हाच हिशेब शिमोन परूश्याच्या घरी जेवणाच्या पंक्तीत मांडून दाखविला आहे (लूक ७:४१-४२). एका सावकाराचे दोन ऋणको होते. एकाकडे पाचशे दीनार येणे होते, दुसऱ्याकडे पन्नास. फेडायला दोघांकडेही काही नव्हते, आणि सावकाराने दोघांनाही माफ केले. दोघे सारखेच निरुपाय आहेत, दोघांना मिळालेली माफी सारखीच संपूर्ण आहे. पण पाचशे म्हणजे पन्नास नव्हे. उलट, प्रभूचा पुढचा प्रश्नच त्या फरकावर उभा आहे. ज्याला अधिक माफ झाले तो अधिक प्रीती करील, हे उत्तर आकडे सारखे असते तर देताच आले नसते. या एका दृष्टान्तात आपल्या वादाचा बहुतेक निकाल लागतो, असे मला वाटते. आणि आपल्या उपदेशकांनी याकोबाइतकेच याही उताऱ्याकडे लक्ष दिले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

डोंगरावरील प्रवचनाविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. प्रभू तेथे खुनाचे मूळ रागात दाखवितो; खून म्हणजे रागच, असे तो म्हणत नाही. शिवाय त्याच बाविसाव्या ओवीत न्यायसभा, वरिष्ठ सभा आणि नरकाग्नी अशा तीन पायऱ्या स्पष्ट आहेत. ज्याला पायऱ्या नकोत त्याने ही ओवी आधाराला घेऊ नये. मग पिलातासमोर उभा असताना, मला तुझ्या हाती देणाऱ्याचे पाप अधिक मोठे आहे असे सांगणारा प्रभू (योहान १९:११), न्यायाच्या दिवशी सोर-सीदोनला खोराजीन-बेथसैदापेक्षा सोपे जाईल असे बजावणारा प्रभू (मत्तय ११:२१-२२), धन्याची इच्छा जाणणाऱ्या व न जाणणाऱ्या चाकराला पडणाऱ्या फटक्यांत भेद करणारा प्रभू (लूक १२:४७-४८) आणि पुदिना-शेपूचा दशांश देऊन न्याय, दया व विश्वास या भारी गोष्टी सोडणाऱ्यांना धारेवर धरणारा प्रभू (मत्तय २३:२३) हे सारे एकमताने साक्ष देतात. ‘भारी’ हा शब्द प्रभूचाच आहे, हे ध्यानात ठेवावे.

अन्सेल्मच्या युक्तिवादाचे उत्तर थॉमस अक्वायनसच्या मांडणीत सापडते. पाप हे देवापासून पाठ फिरवणे आहे, या दृष्टीने ते अमर्याद. पण ते त्याच वेळी एखाद्या मर्यादित वस्तूकडे, मर्यादित कृत्याने वळणे आहे, आणि तेथे कमी-अधिक असतेच. आजार सारेच आरोग्याचा अभाव होत. म्हणून पडसे आणि क्षय एक नव्हेत. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. ज्याचा अपमान झाला त्याच्या पदावरून अपराधाचे वजन ठरवणे, ही कल्पना अन्सेल्मच्या सरंजामी युरोपात सहज पटणारी होती. आपल्याकडच्या वाचकाने मात्र तिच्याकडे थोडे सावधपणे पाहावे. तीच मोजपट्टी आपल्या भूमीत कोणत्या कामासाठी वापरली गेली, हे आपण पुढे पाहणार आहोत.

आता हे वाक्य आले कोठून? त्याची वंशावळ पाहिली तर ती ख्रिस्ती नाही, हे कबूल करावे लागते. सर्व अपराध समान, हा स्तोइक तत्त्वज्ञांचा प्रसिद्ध विरोधाभास होता. इसवी सनापूर्वी ४६ मध्ये सिसेरोने त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जहाजात सोने असो की पेंढा, सुकाणू धरणाऱ्याच्या अकुशलतेने ते बुडाले तर अकुशलता तीच, अशा धर्तीचा त्यांचा युक्तिवाद असे. पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभर असलेला व तळाशी गेलेला हे दोघेही सारखेच बुडतात, हा त्यांचा आणखी एक आवडता दाखला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जोव्हिनियन नावाच्या एका संन्याशाच्या शिकवणीत हे मत असल्याचा आरोप झाला. जेरोमने त्याच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला आणि ऑगस्टीनने पाखंडांची यादी केली तीत हे मत जोव्हिनियनच्या नावावर मांडले. परंतु याहून महत्त्वाचे आहे ते ऑगस्टीनने ४१५ साली जेरोमला लिहिलेले पत्र. त्याचा विषयच याकोब २:१० हा आहे. हे वचन स्तोइकांच्या मताला पुष्टी देते काय, असे तो सरळ विचारतो. आणि त्याचे उत्तर असे की, सारे नियमशास्त्र प्रीतीवर टांगलेले असल्यामुळे कोणतेही पाप प्रीतीविरुद्धच असते, म्हणून एकात चुकणारा साऱ्यांच्या मुळाशीच चुकतो. तथापि प्रीती माणसांमध्ये कमी-अधिक असते, आणि म्हणून पापही कमी-अधिक असते. म्हणजे ज्या वचनाच्या बळावर आपण हे वाक्य चालवितो, त्या वचनाचा तसा अर्थ लावू नये हे मंडळीच्या एका मोठ्या आचार्याने सोळाशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे.

यावर आमचे काही बंधू म्हणतील, हे झाले रोमन परंपरेचे. प्राणघातक पाप आणि लघुपाप हा भेद त्यांचा, आम्ही धर्मसुधारणेची लेकरे. हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. कॅल्व्हिनने तो भेद नाकारला, हे खरे. प्रत्येक पाप स्वभावतः मरणास पात्र आहे असे त्याने शिकविले. परंतु म्हणून सर्व पापे समान, हा निष्कर्ष त्याने काढला नाही. आणि ज्या सुरत शहरातून मी हे लिहीत आहे, तेथील मंडळीचा वारसा तर या बाबतीत फारच स्पष्ट आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८१५ साली सुरतेत आले. पुढे एकोणिसाव्या शतकातच हे कार्य आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्या परंपरेचा पाया असलेल्या वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरावलीत त्र्याऐंशीवा प्रश्नच असा आहे की, नियमशास्त्राची सर्व उल्लंघने सारखीच घोर आहेत काय. आणि उत्तर नकारार्थी आहे. काही पापे स्वतःच, व काही त्यांची घोरता वाढविणाऱ्या कारणांमुळे, देवाच्या दृष्टीने इतरांहून अधिक घोर असतात असे ती सांगते. चौऱ्याऐंशीव्या प्रश्नात प्रत्येक पाप देवाच्या क्रोधास पात्र आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे येते. दोन्ही उत्तरे लागोपाठ छापलेली आहेत. आम्ही चौऱ्याऐंशीवे तेवढे पाठ केले आणि त्र्याऐंशीवे विसरलो. बृहत् प्रश्नोत्तरावली तर घोरता वाढविणाऱ्या कारणांची सविस्तर यादीच देते: पाप करणारा वयाने, अनुभवाने, अधिकाराने मोठा आहे काय, इतर लोक त्याच्याकडे पाहून चालतात काय, पाप कोणाविरुद्ध झाले, दुर्बळाविरुद्ध काय, पुन्हा पुन्हा, ठरवून, बढाई मारीत झाले काय. १९७० साली नागपूर येथे उत्तर भारतातील मंडळ्यांचे एकीकरण झाले तेव्हा अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन असे दोन्ही वारसे एका छपराखाली आले. दोहोंपैकी एकातही हे वाक्य नाही.

मग आपल्या मराठी मंडळ्यांत ते एवढे प्रिय का झाले? माझ्या मते याचे उत्तर आळस किंवा अज्ञान हे नाही. त्याचे उत्तर आपल्या भाषेत व समाजात आहे, आणि ते आदराने समजून घेतले पाहिजे. मराठी कानाला पापाची प्रतवारी नवी नव्हती. महापातक, पातक, उपपातक हे शब्द धर्मशास्त्रातून लोकभाषेत उतरलेले होते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाच महापातके सांगितली आहेत आणि त्यांत पहिले ब्रह्महत्या. त्याच अध्यायात हेही आहे की क्षत्रियाच्या हत्येला ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताचा चौथा हिस्सा, वैश्याच्या हत्येला आठवा, आणि शूद्राच्या हत्येला सोळावा. प्रतवारी होती, पण ती जखमी झालेल्याच्या जातीवरून होती, आणि जो जितका खाली त्याच्या रक्ताचे वजन तितके कमी. ज्या ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला होळी झाली, त्यातील ही मोजपट्टी आहे. अशा समाजात जेव्हा कोणी येऊन सांगितले की देवापुढे शास्त्री आणि महार एकाच रांगेत पापी म्हणून उभे आहेत, तेव्हा ते वाक्य खालच्यांच्या कानी स्वातंत्र्याच्या घोषणेसारखे पडले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल की, सोवळ्या-ओवळ्याचे ओझे त्यांच्या मनावरून किती सावकाश आणि किती झगड्याने उतरले. विटाळ हे पाप नव्हेच, हे कळणे म्हणजे साऱ्या तराजूची पारडी नव्याने लावणे होते. आमच्या आजोबा-पणजोबांनी ‘सर्व सारखे’ असे म्हटले ते माणसांविषयी म्हटले. त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार होता. पुढच्या पिढ्यांनी तेच वाक्य कृत्यांना लावले, आणि वाक्य न बदलता त्याचा अर्थ उलटला.

हा उलटलेला अर्थ कसा काम करतो याचे एक हृदयद्रावक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, असे मी म्हणतो तेव्हा ते थोड्या संकोचाने म्हणतो, कारण त्या प्रसंगाविषयी माझ्या मनात भक्तिभाव आहे. जून १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात जी आत्मिक जागृती झाली, तिच्या समकालीन हकिकतींत मुलींनी रडत, रात्रभर आपली पापे कबूल केल्याची वर्णने आहेत. त्या मुली कोण होत्या? १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या, काही गुजरातेतूनही आलेल्या, कित्येक बालविधवा. ज्यांच्याविरुद्ध घराने, गावाने, रूढीने पाप केले होते त्या आपल्या लहानसहान अपराधांसाठी आक्रोश करीत होत्या. ज्यांनी ते केले त्यांच्या आक्रोशाची नोंद मात्र कोठे नाही. आता कोणी म्हणेल की त्या मुलींचा पश्चात्ताप खोटा होता काय. मुळीच नाही. ज्यांना समाजाने केवळ दुर्दैवाच्या वस्तू समजले, त्यांना आपल्या कृत्यांचा जाब देवाला देणाऱ्या व्यक्ती म्हणून उभे राहता आले, यात मोठी प्रतिष्ठा होती. पण या मुलींकडे पाहून ‘पापे सारखीच’ असे म्हणणे हे मात्र क्रौर्य झाले असते, आणि पंडिता रमाबाईंनी ते केले नाही. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयक इंग्रजी ग्रंथात रूढीच्या पापाचा जो हिशेब मांडला आहे, तो कोठेही सर्वांचे सारखेच असे म्हणून मिटवलेला नाही. मुलींना स्वतःच्या पापाची जाणीव देणारी आणि समाजाच्या पापाचे माप घेणारी रमाबाई ही एकच व्यक्ती होती. आमच्या पत्रकांनी तिचा एकच हात उचलला.

आता नवागामकडे येतो. सुरतेच्या उधना-डिंडोली बाजूचा हा भाग मराठी वाचकाला परका नाही; ताप्तीकाठच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली अहिराणी-मराठी बोलणारी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने आहेत. पुष्कळांचे पोट यंत्रमागावर नाहीतर डाइंग-प्रिंटिंगच्या गिरणीवर चालते. बारा तासांची पाळी, नगावर वा मीटरवर मजुरी, अडीअडचणीला उचल आणि ती फिटेपर्यंत तोंड बंद, हे येथील अर्थशास्त्र आहे. अशा ठिकाणी एका प्रार्थनासभेत घडलेली गोष्ट मी सांगतो; माणसांची नावे सांगण्याचे कारण नाही. एका ठेकेदाराने आपल्याच सभेतील एका मजुराची दोन महिन्यांची मजुरी अडकवून ठेवली होती. मजुराच्या बायकोने चार बायकांत त्याला लुबाडणारा म्हटले. प्रकरण सभेपुढे आले तेव्हा समेट घडविणाऱ्या वडीलधाऱ्याने निकाल दिला: त्याने मजुरी ठेवली हे पाप, तिने जिभेने पाप केले हेही पाप, देवाच्या दृष्टीने सर्व पापे सारखीच, दोघांनी एकमेकांना क्षमा करावी. दोघांनी हात जोडले, प्रार्थना झाली, चहा झाला. मजुरी मात्र मिळाली नाही. क्षमा झाल्यावर येणे कसले, अशी ठेकेदाराची प्रामाणिक समजूत झाली होती.

निकाल देणारा माणूस दुष्ट नव्हता, हे सांगितले पाहिजे. त्याला शांती हवी होती व त्याच्याकडे हे एकच वाक्य होते. पण या वाक्याने काय केले ते पाहा. दोन पारड्यांत दोन असमान वजने होती. वाक्याने तराजूच काढून घेतला. तराजू गेल्यावर ज्याचे पारडे जड होते त्याचाच फायदा होणार, हे गणित सांगायला नको. बायकोला मारणारा नवरा आणि त्यामुळे मनात कडवटपणा धरणारी बायको, यांच्यातही हाच निकाल लागताना अनेक पाळकांनी पाहिला असेल. दुर्बळाचा राग आणि बलवानाचा जुलूम एका भावात विकले जातात.

आणि या निकालाला आधार म्हणून उच्चारला जातो तो याकोब! येथे त्या पत्राचा दुसरा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचण्याची मी विनंती करतो. प्रसंग कोणता आहे? सभेत सोन्याची अंगठी व झगझगीत वस्त्रे घातलेला माणूस येतो, आणि मळक्या कपड्यांतला दरिद्रीही येतो. पहिल्याला मानाची जागा मिळते; दुसऱ्याला उभे राहा किंवा पायांजवळ बस, असे सांगतात. हा पक्षपात करणाऱ्यांची समजूत अशी दिसते की आपण खून करीत नाही, व्यभिचार करीत नाही, नियमशास्त्र पाळतो. जागेचा मान हा काही मोठा अपराध नव्हे. याकोब त्यांना म्हणतो, धनवानच तुम्हांला जाचतात आणि न्यायसभांकडे ओढून नेतात ना? आणि मग तो दहावी ओवी येते. तिचा रोख ‘लहान पाप मोठ्याएवढे’ असा सिद्धान्त मांडण्याकडे नाही. गरिबाचा अपमान तुम्ही लहान समजता तो लहान नाही, हे सांगण्याकडे आहे. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे (५:४). ज्या पत्रात अडकलेल्या मजुरीला स्वतःचा आवाज आहे, त्या पत्रातील ओवी मजुरी अडकवणाऱ्याच्या बचावाला वापरली जावी, यापरते विपरीत वाचन मला ठाऊक नाही. रोमन प्रश्नोत्तराच्या परंपरेत स्वर्गाकडे धाव घेणाऱ्या पापांची एक जुनी गणना आहे. तीत हाबेलच्या रक्ताबरोबर मजुराच्या बुडविलेल्या वेतनाचाही समावेश आहे. ती गणना करणाऱ्यांनी याकोब नीट वाचला होता, असे म्हटले पाहिजे.

याचा अर्थ पापांची कोष्टके तयार करावीत असा मात्र नाही. त्या वाटेवरचे खड्डेही इतिहासाने दाखविले आहेत. सात मूळ पापे म्हणजे सात सर्वांत मोठी पापे, असा गैरसमज अजून आहे; ती खरे तर इतर पापांची उगमस्थाने म्हणून मोजली गेली. जुन्या नीतिग्रंथांत किती चोरी झाली म्हणजे पाप प्राणघातक होते याचीही चर्चा असे, आणि माणूस मर्यादेच्या अलीकडे किती जाता येईल याचा हिशेब करू लागे. गोव्यात तर प्रतवारी आणि जात यांची गाठ चर्चच्या आत पडली. कॉन्फ्रारियांचे सभासदत्व व उत्सवाचे मान जातीवरून ठरत, आणि रविवारी लघुपापांची कबुली देणाऱ्यांना त्या जागेवर बसण्यात पाप दिसत नसे. मापे असली म्हणजे ती बरोबरच लावली जातात असे नाही. १९८४ साली पोप योहान पौल दुसरे यांनी समेट व पश्चात्ताप या विषयावरील आपल्या लेखात सामाजिक पाप या कल्पनेला जागा दिली, पण त्याच वेळी हेही बजावले की तिच्या आड व्यक्तीची जबाबदारी लपू नये. हा इशारा दुसऱ्या बाजूलाही लागू आहे: ‘सारी व्यवस्थाच तशी आहे’ हे ठेकेदाराचे वाक्य आणि ‘सर्व पापे सारखीच’ हे वडीलधाऱ्याचे वाक्य, दोन्ही शेवटी एकाच दाराशी नेतात.

तथापि त्या जुन्या नीतिग्रंथांतील एक माप मला विलक्षण वाटते. चोरीची गंभीरता ठरवताना चोरलेली रक्कम न पाहता ज्याचे चोरले त्याची स्थिती पाहावी, आणि ज्याचे चोरले त्याच्या एका दिवसाच्या मजुरीइतकी चोरी ही गंभीर समजावी, असा त्यांचा एक सर्वसाधारण नियम होता. मनूच्या मापाच्या शेजारी हे माप ठेवून पाहावे. दोन्ही जखमी झालेल्याकडे पाहतात. पण एकात खालच्याच्या जखमेचे वजन घटते, दुसऱ्यात वाढते. प्रतवारी असावी की नसावी हा आपल्यापुढचा खरा प्रश्न नाहीच. प्रतवारी कोणाच्या बाजूने उभे राहून करायची, हा प्रश्न आहे.

आणि शास्त्राने ती कोठून सुरू केली हे पाहिले, तर आम्हा दीक्षितांना मान खाली घालावी लागेल. लेवीयाच्या चौथ्या अध्यायात अजाणतेपणी झालेल्या पापाची अर्पणे सांगितली आहेत. सामान्य माणसाने पाप केले तर बकरी किंवा मेंढी. अधिपतीने केले तर बकरा. अभिषिक्त याजकाने केले तर गोऱ्हा, आणि साऱ्या मंडळीने केले तरीही गोऱ्हाच. म्हणजे एका याजकाच्या पापाचे वजन साऱ्या मंडळीच्या पापाइतके. पाचव्या अध्यायात उतार आणखी खाली येतो: मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, तेही परवडत नसेल तर थोडे पीठ. अपराध करणारा जितका वर तितके अर्पण मोठे. जितका गरीब तितके हलके. जगातील अनेक चर्चमध्ये गेल्या काही दशकांत धर्मगुरूंकडून झालेल्या बालकांच्या छळाची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा ती दडपताना जे बोलले गेले त्यात ‘आपण सर्वच पापी’ हे वाक्य किती वेळा आले असेल! लेवीयाच्या पुस्तकाला ते वाक्य मान्य झाले नसते. तेथे याजकाला गोऱ्हा आणावाच लागला असता, आणि तोही सर्वांच्या देखत, दर्शनमंडपाच्या दाराशी.

आपल्या उपासनेतील सामुदायिक पापांगीकाराविषयी एक सूचना करून थांबतो. ‘आम्ही’ म्हणून सर्वांनी एका सुरात जी कबुली द्यायची, ती काढून टाकावी असे मी म्हणत नाही. पाचशेवाला आणि पन्नासवाला एकाच गुडघ्यावर यावेत, हे तिचे सौंदर्य आहे. परंतु दृढीकरणाच्या वर्गात आपण ती कबुली शिकवितो तेव्हा लूकच्या सातव्या अध्यायाबरोबर अनुवाद २४:१४-१५ हा उताराही शिकवावा. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. न दिल्यास तो परमेश्वराकडे गाऱ्हाणे करील व ते तुझ्या माथी पाप होईल, असा त्याचा आशय आहे. नवागामातील दिवसपाळी संध्याकाळी सुटते. वर्गाला बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांचे वडील त्याच वेळी घरी येतात, आणि त्या दिवशी हाती काय आले, हे मुलांना आधीच ठाऊक असते.